खोट्या नाण्यांची साक्ष

इ. स. १९०६ मध्यें नाशिकजवळील जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील सुमारें ९,००० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उमटविला होता. नहपानाच्या पराभवाची ही बोलकी साक्ष होय.

आज आंतरजालावरील लिलावांत प्राचीन नाण्यांच्या नकलाही विकल्या जातात. हातोड्यानें ठोकून पाडलेलीं दोन नाणीं तंतोतंत जुळत नाहींत. एकाच सांच्यांतून ओतलेल्या नकलांत मात्र तीच खोंच, तीच चीर पुनःपुन्हां दिसते. कडेस सांध्याची रेघ, पृष्ठावर बुडबुड्यांचे खळगे आढळतात. म्हणून छायाचित्रें परस्परांशीं ताडावींत, वजन विचारावें. खोट्या साक्षीवर दिलेला निवाडा इतिहासास पिढ्यान्‌पिढ्या भोंवतो.