कर्णधार त्या जागेला लायक आहे का? मुसफ्फापर्यंत पोचलेल्या एका वादाचा पूर्वेतिहास

अबुधाबी बेटाच्या दक्षिण अंगाला, खाडी ओलांडून मुख्य भूमीवर पसरलेली मुसफ्फा ही संयुक्त अरब अमिरातीतील एक मोठी औद्योगिक वसाहत असून गॅरेजे, सुट्या भागांची दुकाने, लोखंडकामाचे कारखाने, गोदामे आणि कामगारांचे कॅम्प यांनी ती भरलेली आहे. तिचे विभाग 'एम' या अक्षरापुढे आकडा लावून ओळखले जातात आणि आखातातील इतर औद्योगिक वसाहतींप्रमाणे तिलाही कामगारांच्या बोलीत 'सनाइया' असे म्हणतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ येथून आलेल्या तिच्या रहिवाशांना एकत्र आणणारा आणि तितक्याच सहजतेने त्यांच्यात वाद पेटवणारा विषय म्हणजे क्रिकेट होय. त्यातही संघ हरू लागला की कर्णधार बदलावा की ठेवावा, या प्रश्नाइतका लांबणारा दुसरा वाद नाही. येथील मराठी माणसांनी हा वाद मुसफ्फात शोधून काढलेला नाही. तो त्यांनी मुंबई-पुण्याहून आणि कोकणातून बरोबर आणला असून त्याला शंभर वर्षांहून अधिक जुनी परंपरा आहे.

हा वाद कर्णधाराभोवतीच का फिरतो, याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. युरोपीय फुटबॉलमध्ये डावपेचांचा धनी प्रशिक्षक असतो आणि कर्णधाराच्या दंडावरची पट्टी पुष्कळदा मानापुरती असते. अमेरिकन फुटबॉलमध्ये बहुतेक प्रत्येक चालीचा आरंभ ज्याच्या हातून होतो त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि संघ गडगडला की त्याच्या लायकीची चिरफाड तेथील प्रेक्षक वर्षानुवर्षे करत राहतात. क्रिकेटमध्ये हा भार कर्णधारावर येतो, कारण गोलंदाज कोण, क्षेत्ररक्षक कुठे आणि फलंदाजीचा क्रम कोणता हे निर्णय तो भर मैदानात, सर्वांच्या देखत घेतो. शिवाय दोन चेंडूंमध्ये एवढा अवकाश असतो की प्रेक्षकाला स्वतःचा निर्णय मनात पक्का करून तो कर्णधाराच्या निर्णयाशी ताडून पाहता येतो. उंटावरून शेळ्या हाकण्याची एवढी ऐसपैस सोय दुसऱ्या कोणत्या खेळाने करून ठेवलेली नाही.

मराठी प्रदेशात या वादाचे पहिले ठळक रूप दिसते ते मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत. युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा धर्म-वंशावर आधारलेल्या चार संघांची ही स्पर्धा 1912 साली सुरू झाली आणि पुढे पंचरंगी होऊन 1946 पर्यंत चालली. हिंदू संघाचा सर्वांत प्रभावी गोलंदाज होता पळवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले होते. पण कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. 1920 साली बाळूला संघातून वगळण्यात आले, आणि कर्णधार एम. डी. पै आजारी पडल्यावर ती जागा बाळूचे भाऊ आणि ज्येष्ठ खेळाडू विठ्ठल यांना न देता पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांना देण्यात आली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बाळूच्या दोघा भावांनी संघातून माघार घेतली. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले आणि तडजोड म्हणून अंतिम सामन्यासाठी बाळूला उपकर्णधार करण्यात आले. पुढे 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांनी संघाला विजेतेपद मिळवून दिले. येथे 'लायक' हा शब्द खेळाच्या कौशल्यासाठी वापरला जात नव्हता, हे उघड आहे. कौशल्याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. प्रश्न होता तो सवर्ण खेळाडूंनी कोणाच्या हुकमाखाली खेळावे याचा. कर्णधाराच्या लायकीच्या चर्चेत खेळापलीकडचे काहीतरी मिसळलेले असते, याचा इतका उघडा पुरावा नंतरच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई रणजी करंडकाची जवळजवळ मालकीण झाली आणि शिवाजी पार्कचा कट्टा, म्हणजे मैदानाभोवतीची बसण्याजोगी बुटकी भिंत, या वादाचे अनधिकृत न्यायासन बनले. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांमुळे मराठीतून धावते वर्णन ऐकण्याची गोडी लागली आणि मैदानाचे तोंडही न पाहिलेल्या श्रोत्याला क्षेत्ररचनेवर मत देता येऊ लागले. या श्रोत्यांसमोर 1971 चा जानेवारी उजाडला. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर यांची नेमणूक झाली, तेव्हा पतौडींच्या तुलनेत हा बँकेत नोकरी करणारा शांत मुंबईकर उणा वाटणारे अनेक होते. त्याच वर्षी संघाने वेस्ट इंडीजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. मायदेशी परतलेल्या संघाची मुंबईत मिरवणूक निघाली आणि इंदूरला विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची प्रचंड बॅट उभारण्यात आली.

तीनच वर्षांनी, 1974 च्या जूनमध्ये, लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव 42 धावांत आटोपला आणि इंग्लंडमधील ती मालिका 0-3 अशी गमावली गेली. वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदूरच्या बॅटची विटंबना झाली आणि वाडेकरांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. 1971 चे वाडेकर आणि 1974 चे वाडेकर यांच्या विचारपद्धतीत फार अंतर पडले होते असे म्हणण्यास आधार नाही. अंतर पडले होते ते निकालात. ज्याच्या हाती ससा तो पारधी हा न्याय कर्णधाराला जितका लागू पडतो तितका तो फलंदाजाला पडत नाही, कारण फलंदाजाजवळ निदान स्वतःच्या धावांचा हिशेब तरी असतो.

वाडेकरांच्या विजयांचे 1971 हेच वर्ष संयुक्त अरब अमिरातीच्या स्थापनेचेही आहे. 2 डिसेंबर रोजी हे संघराज्य अस्तित्वात आले. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, बांधकामे आणि कारखाने वाढले आणि मुंबईच्या भरती एजंटांमार्फत फिटर, वेल्डर, सुतार आणि ड्रायव्हर आखातात जाऊ लागले. रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांतील, विशेषतः कोकणी मुस्लिम कुटुंबांतील, कितीतरी घरे या पैशावर उभी राहिली. या माणसांच्या सामानात ट्रान्झिस्टर असे आणि त्याबरोबर कट्ट्यावरचा वादही असे.

तेथे मैदानही लवकरच मिळाले. उद्योजक अब्दुल रहमान बुखातिर यांच्या पुढाकाराने 1981 साली शारजात गावस्कर आणि मियाँदाद यांच्या संघांत सामना झाला आणि 1984 मध्ये पहिला आशिया चषक तेथेच खेळला गेला. मार्च 1985 मध्ये भारताने अवघ्या 125 धावा करूनही पाकिस्तानला 87 धावांत गुंडाळले, तेव्हा कपिलदेवची कप्तानी वाखाणली गेली. 18 एप्रिल 1986 रोजी अंतिम सामन्यात जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तेव्हा शेवटचे षटक राखून ठेवण्याचा त्याच कप्तानाचा हिशेब कच्चा ठरला. भारतातील प्रेक्षक घरी जाऊन दार लावून बसू शकत होता. आखातातील भारतीय कामगाराला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच कॅम्पात, त्याच मेसमध्ये पाकिस्तानी सहकाऱ्यासमोर बसायचे असे, आणि आखातात हा वाद अधिक कडवट होण्याचे कारण बहुधा हेच असावे.

मराठी प्रेक्षकाला सर्वांत अवघड गेलेला खटला सचिन तेंडुलकरचा. ऑगस्ट 1996 मध्ये तो कर्णधार झाला. मार्च 1997 मध्ये बार्बाडोसला 120 धावांचे लक्ष्य असताना संघ 81 धावांत कोसळला आणि डिसेंबरात शारजातील स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला. त्यानंतर काही आठवड्यांतच कर्णधारपद पुन्हा महंमद अझरुद्दीनकडे गेले. एप्रिल 1998 मध्ये त्याच शारजात, वाळूच्या वादळाने थांबवलेल्या सामन्यात तेंडुलकरने 143 धावा केल्या आणि दोन दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, 134 धावा करून अंतिम सामना जिंकून दिला. कर्णधारपदाचे ओझे उतरल्यामुळे तो मोकळा झाला, असा निष्कर्ष तेव्हा घरोघर काढला गेला. पण आकडे त्याला पुरते दुजोरा देत नाहीत. कसोटीत कर्णधार असताना त्याची फलंदाजीची सरासरी 51 हून अधिक होती, आणि तरीही त्या 25 कसोटींपैकी फक्त 4 जिंकल्या गेल्या व 9 हरल्या गेल्या. म्हणजे ओझ्याखाली तो दबला नव्हता, तर त्याच्या वाट्याला आलेला संघ परदेशात तोकडा होता आणि त्या संघातून अधिक काढून घेण्याची हातोटी त्याच्याजवळ नव्हती. 1999 मध्ये पद पुन्हा त्याच्याकडे आले, तेव्हाही चित्र बदलले नाही आणि 2000 च्या आरंभी त्याने स्वतःच ते सोडले. स्वतः उत्तम खेळणे आणि दुसऱ्यांकडून उत्तम खेळवून घेणे या दोन गोष्टी वेगळ्या मापांनी मोजायच्या असतात, हे मराठी प्रेक्षक या प्रकरणात शिकला; मात्र शिकताना त्याची जीभ अडखळत होती, कारण दोषी ठरवायचा तो घरचाच मुलगा होता.

मुसफ्फाच्या जवळ क्रिकेट आले ते 2004 साली उघडलेल्या शेख झायेद स्टेडियममुळे. दोन बाजूंना हिरवळीचे उतार असलेल्या या मैदानावर एप्रिल 2006 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात काश्मीरच्या भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी दोन एकदिवसीय सामने झाले. सौरव गांगुलीला दूर करून राहुल द्रविडकडे संघ सोपवल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि दोन सामन्यांत एक हार व एक जीत झाल्याने दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे सिद्ध झाल्याचे समाधान मिळाले.

खरी परीक्षा 2014 ची. लोकसभा निवडणुकीमुळे आयपीएलचा पहिला टप्पा अमिरातीत हलवण्यात आला आणि 16 एप्रिलच्या उद्घाटनाच्या सामन्यात, याच मैदानावर, गतविजेता मुंबई इंडियन्स संघ कोलकात्याकडून 41 धावांनी हरला. सुनील नारायणने चार बळी घेतले. त्यानंतर दुबई आणि शारजात मिळून आणखी चार सामने झाले आणि मुंबई ते सगळे हरली. पाचपैकी शून्य! मुंबईच्या प्रेक्षकाला आपला संघ एरवी दूरचित्रवाणीवर हरताना दिसे. येथे पगारातून तिकीट काढून बसलेल्या माणसासमोर तो हरत होता. कर्णधार रोहित शर्माने आदल्याच वर्षी हंगामाच्या मध्यावर रिकी पाँटिंगकडून सूत्रे घेऊन विजेतेपद मिळवले होते. ते यश त्याचे की तयार संघाचे, हा प्रश्न अमिरातीतील पंधरवड्याने पुढे आणला. संघ मायदेशी परतला आणि सावरला. 25 मे रोजी वानखेडेवर बाद फेरी गाठण्यासाठी 190 धावा 14.3 षटकांत हव्या होत्या. त्या चेंडूपर्यंत धावसंख्या बरोबरीत आली आणि पुढच्या चेंडूवर आदित्य तरेने षटकार ठोकून संघाला बाद फेरीत नेले. अमिरातीत नालायक ठरू पाहणाऱ्या याच कर्णधाराने पुढे आणखी चार विजेतेपदे मिळवली आणि त्यांतले शेवटचे नोव्हेंबर 2020 मध्ये दुबईतच मिळाले. पाच सामन्यांवरून माणूस जोखणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवायला हरकत नव्हती. तसे झाले नाही.

त्या 2020 सालाची मुसफ्फातील पार्श्वभूमी निराळी होती. करोनाच्या साथीत, एप्रिलअखेर, तेथील सुमारे 3,35,000 रहिवाशांची आणि कामगारांची तपासणी करण्याची मोहीम आरोग्य विभागाने हाती घेतली होती. सप्टेंबरात आयपीएल संपूर्णपणे अमिरातीत भरली, परंतु प्रेक्षकांना मज्जाव होता. त्यामुळे मैदानापासून थोड्याच अंतरावर राहणारा कामगार तोच सामना मोबाइलवर, चिपळूण किंवा नागपूरच्या माणसाइतक्याच दुरून पाहत होता. भारतात साडेसातला सुरू होणारा सामना तेथे सहालाच सुरू होई, म्हणजे पाळी सुटून कंपनीची बस कॅम्पाच्या वाटेला लागण्याच्या सुमारास. 7 ऑक्टोबरला अबुधाबीत कोलकात्याविरुद्ध चेन्नईला 168 धावा हव्या असताना पुण्याचा केदार जाधव 12 चेंडूंत 7 धावांवर नाबाद राहिला आणि संघ 10 धावांनी हरला. शिव्या जाधवने खाल्ल्या, पण रवींद्र जडेजाच्या आधी त्याला धाडले कसे, हा प्रश्न महेंद्रसिंग धोनीच्या नेतृत्वाकडे वळला आणि खेळलेल्या हंगामांत चेन्नई प्रथमच बाद फेरीस मुकली. 16 ऑक्टोबरला तर कोलकात्याच्या दिनेश कार्तिकने सातपैकी चार सामने जिंकलेले असताना कर्णधारपद सोडले आणि त्याच संध्याकाळी ऑइन मॉर्गनच्या नेतृत्वाखाली तो संघ अबुधाबीत मुंबईकडून आठ गड्यांनी हरला. कर्णधार बदलल्याने संघ बदलत नाही, हे याहून तत्परतेने दाखवता आले नसते.

कामगार स्वतः खेळतो ते क्रिकेट टेपबॉलचे. टेनिसच्या चेंडूवर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी गुंडाळून तो जड आणि वेगवान करण्याची ही रीत कराचीतून पसरली, आणि मोकळ्या प्लॉटच्या घट्ट वाळूवर, जेथे शिवणीचा चेंडू टिकणार नाही, तेथे ती सोयीची ठरते. अशा संघात कर्णधार बहुधा तोच असतो जो सुटीच्या सकाळी गडी उठवतो, वर्गणी गोळा करतो आणि पिकअपची व्यवस्था लावतो. त्याच्या फलंदाजीची चौकशी कोणी फारशी करत नाही. स्वतःच्या संघाला लावलेले हे माप ती माणसे व्यावसायिक संघाला मात्र लावत नाहीत.

जानेवारी 2023 मध्ये अमिरातीची स्वतःची वीस षटकांची लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामात, 2014 मध्ये मुंबईचे चार गडी बाद करणाऱ्या नारायणच्या नेतृत्वाखाली, अबुधाबी नाइट रायडर्स एकच सामना जिंकून तळाला राहिला. तरी पुढच्या हंगामात कर्णधार तोच ठेवला गेला आणि संघ बाद फेरीत पोचला. ज्या मैदानाशेजारी मुसफ्फा वसली आहे त्या मैदानाचा हा संघ असूनही त्याच्या कर्णधारासाठी मराठी माणसाने घसा कोरडा केला नाही, कारण वाद घालायला आधी संघ आपला वाटावा लागतो. 2023 च्या डिसेंबरात मुंबई इंडियन्सने रोहितला बाजूला करून हार्दिक पंड्याची नेमणूक केली, तेव्हा मात्र 1971 चा मूळ प्रश्न, म्हणजे कर्णधार ठरवण्याचा अधिकार कोणाचा, जसाच्या तसा वर आला. एप्रिल 2024 मध्ये वानखेडेवर नव्या कर्णधाराची हुर्यो उडवण्यात आली, 14 पैकी 4 सामने जिंकून मुंबई शेवटच्या क्रमांकावर राहिली आणि 2025 मध्ये त्याच पंड्याच्या हाताखाली ती अंतिम फेरीच्या एक पायरी अलीकडे जाऊन थांबली.