छोट्या चाकामागची डिस्क

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी मोटार बांधण्याचा छंद ब्रिटनमध्ये जुना आहे. लोटस कंपनीची १९५७ सालची 'सेव्हन' ही हलकी, उघडी स्पोर्ट्स कार सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळत असे. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच धाटणीच्या घरगुती गाड्या 'लोकॉस्ट' या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. चौकोनी पोलादी नळ्यांची चासी, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, तिचाच मागचा अखंड ॲक्सल आणि १३ इंची चाके, असा हा साधा संसार. या ॲक्सलवर ड्रम ब्रेक असतात, आणि हौशी कारागिराला ते सलत राहतात. पुढे डिस्क असताना मागे ड्रम का, हा प्रश्न त्याला पडतो. त्याचे प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा 'दिसायला बरे दिसत नाही' एवढेच असते.

डिस्क ब्रेकचे गुण वादातीत आहेत. १९५३ साली ल मांसची चोवीस तासांची शर्यत जग्वारने जिंकली, त्यात डिस्क ब्रेकचा वाटा मोठा होता. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते आणि तिची झीज नुसत्या नजरेने कळते. मात्र मागच्या चाकांच्या वाट्याला मुळात काम किती येते, हे आधी पाहिले पाहिजे.

चालकासह ७०० किलो वजनाची, पुढे-मागे समान भार असलेली गाडी उदाहरणादाखल घेऊ. दोन्ही ॲक्सलमधील अंतर २.३ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ४५ सेंटिमीटर धरली, तर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लावल्यावर सुमारे ११० किलो भार मागून पुढे सरकतो. मागच्या चाकांवर ३५० ऐवजी २४० किलो, म्हणजे एकूण भाराच्या ३४ टक्के उरतो. टायर चिकट असतील आणि हाच जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर हा वाटा ३० टक्क्यांवर येतो. मागच्या ब्रेकने याहून अधिक वाटा उचलला, की मागची चाके आधी जाम होतात. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. मागची जाम झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ती सावरायला चालकाला क्षणभराचीच सवड मिळते.

आता चाकाच्या आकाराकडे वळू. १३ इंच, म्हणजे ३३० मिलिमीटर, हे टायरची कड जिथे बसते तिथले माप आहे. आतली पोकळी त्याहून कमी असते. टायर चढवता यावा म्हणून रिमला दिलेला खोलगट भाग ती आणखी खातो. शिवाय डिस्कच्या कडेवरून कॅलिपरची कमान जाते, तिलाही जागा लागते. मूळची मिनी हा या बाबतीत उत्तम धडा आहे. १९६१ सालच्या मिनी कूपरच्या १० इंची चाकांमागे ७ इंची डिस्क बसवली गेली आणि १९६३ सालच्या कूपर एसमध्ये ती साडेसात इंचांची झाली. ८.४ इंची डिस्क १९८४ साली सरसकट आली, तेव्हा चाकेही १२ इंची करावी लागली. हे प्रमाण धरले तर १३ इंची चाकात साधारण साडेनऊ इंचांपर्यंतची, म्हणजे २४० मिलिमीटरच्या आसपासची डिस्क मावते. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे : या साऱ्या डिस्क पुढच्या चाकांच्या होत्या. मागे मात्र मिनीने २००० साली उत्पादन थांबेपर्यंत ड्रमच ठेवले.

भंगारातून भाग निवडताना म्हणूनच डिस्कचा व्यास पाहून भागत नाही. १९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ची मागची डिस्क २३१ मिलिमीटरची आहे. कागदावर ती १३ इंची चाकात बसते. प्रत्यक्षात निर्णय कॅलिपर आणि रिम मिळून करतात. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला स्थिर कॅलिपर बाहेरच्या अंगाने जाड असतो, तो चाकाच्या आऱ्यांना घासतो. सरकता कॅलिपर त्या बाजूने सडपातळ असतो, म्हणून तोच बरा. जाणते लोक आधी रिमच्या आतल्या आकाराचा पुठ्ठा कापून घेतात आणि तो कॅलिपरवर धरून पाहतात. चाक संतुलित करण्यासाठी आतून चिकटवलेली शिशाची वजने या मोजमापात हमखास विसरली जातात आणि पहिल्याच फेरीत कॅलिपरवर आपटतात.

पिस्टनच्या व्यासाचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच टाळला जातो. समजा, पुढे ५४ मिलिमीटरचा पिस्टन आहे आणि दोन्हीकडे डिस्कचा व्यास, पॅडचा प्रकार व तेलाचा दाब सारखा आहे. मागे ३४ मिलिमीटरचा पिस्टन घातला तर ब्रेकच्या एकूण जोरातला २८ टक्के वाटा मागे जातो. ३८चा घातला तर ३३ टक्के, आणि ४३चा घातला तर ३९ टक्के. वरच्या आकड्यांशी ताडून पाहता पहिला निर्धास्त आहे, दुसरा चिकट टायरवर दगा देणारा आहे आणि तिसऱ्याचा विचारच नको. पिस्टनच्या व्यासात चार मिलिमीटरचा फरक दिसायला किरकोळ; परिणाम मात्र असा. मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवता येतो, पण तो दाब फक्त घटवतो, वाढवू शकत नाही.

ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच एक लायनर आत ओढला जातो आणि जोर आपोआप वाढतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. त्यामुळे तिला अधिक दाब लागतो आणि जुना मास्टर सिलिंडर पुरेलच असे नाही. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या नळीत थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो काढला नाही तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापते.

बैठकीची पट्टी ॲक्सलच्या टोकावरील बोल्टांवर घट्ट बसावी लागते. ड्रमची मागची पाटी काढल्यावर तिच्या जाडीइतकी चकती घालणे आवश्यक ठरते, अन्यथा बेअरिंग ढिले राहण्याचा धोका असतो. जागेअभावी डावा कॅलिपर उजवीकडे उलटा बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास हवा काढण्याचे निपल खाली जाते, हवा वर अडकते आणि पेडल स्पंजासारखे दबते. अशा वेळी कॅलिपर सोडवून, निपल वर धरून, पॅडच्या मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून हवा काढावी लागते.

हँडब्रेक ही खरी अडचण. ड्रममध्ये तो सहज येतो. डिस्कसाठी एकतर आतच स्क्रूची यंत्रणा असलेला कॅलिपर लागतो, किंवा डिस्कच्या पोटात छोटा ड्रम लागतो. छोट्या चाकाच्या पोटात या दुसऱ्या पर्यायाला जागा फारशी उरत नाही. पहिल्या पर्यायात केबलचा दांडा स्प्रिंगला किंवा चासीच्या नळीला अडतो. ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी जी स्वतंत्र तपासणी होते, तिच्यात हँडब्रेक यांत्रिक असणे बंधनकारक आहे आणि मागची चाके पुढच्यांआधी जाम होता कामा नयेत, अशी अट आहे.

भारतात अशी घरगुती गाडी रस्त्यावर आणण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६व्या नियमानुसार नमुना वाहनाची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. छोट्या चाकामागच्या डिस्कचे हे कोडे आपल्याकडे सोडवतात ते मुख्यतः अभियांत्रिकीचे विद्यार्थी, 'फॉर्म्युला भारत'सारख्या स्पर्धांच्या गाड्यांसाठी. अनेक संघांच्या चाकांचा व्यास अवघा १० इंच असतो. हँडब्रेकची कटकट तिथे नसते, आणि ब्रेकच्या चाचणीत चारही चाके जाम करून गाडी सरळ रेषेत थांबवून दाखवावी लागते.