सारडाआधीचं लगीन

आजीला तिचं जन्मसाल ठाऊक नव्हतं. कुणी वय विचारलं की म्हणायची, "सारडाच्या आदी लगीन झालं माजं. दुधाचं दात पडत हुतं तवा." लहानपणी मला वाटायचं, सारडा म्हणजे कुंपणावरचा सरडाच!

पुढं मास्तर झालो, तेव्हा उलगडा झाला. अजमेरच्या हरबिलास सारडांनी मांडलेलं बिल १९२९ साली मंजूर झालं. लग्नाला मुलगी १४ वर्षांची, मुलगा १८ वर्षांचा हवा, आणि अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. आमच्या गावात त्या माघ-फाल्गुनात एका मांडवात पाच जोडपी उभी राहिली. आजीला मामानं कडेवर आणलं. ती पेंगत होती.

घाई कशाची? तर पापाची. आठ वर्षांची गौरी, नवाची रोहिणी, दहाची कन्या. न्हाण येण्याआधी पोर उजवली नाही तर दोष बापाला, असं जुनं स्मृतिवचन. पणजोबांना अक्षर येत नव्हतं, पण ही भीती मात्र पोथीतून निघून आमच्या कुणब्याच्या ओसरीवर येऊन बसली होती.

भांडण त्याही आधीचं. कलकत्त्याची फुलमणी, दहा-अकरा वर्षांची पोर, १८९० साली नवऱ्याच्या बळजोरीनं मेली. सरकारनं १८९१ साली संमतिवय १० वरून १२ केलं. पुण्यात टिळकांनी विरोध केला, परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून. गर्भाधान संस्कार मोडेल, अशी ओरड झाली. भांडारकरांनी उलट शास्त्रांतूनच कायद्याला आधार काढून दाखवला. दोन्हीकडं पोथ्याच उघडल्या होत्या.

सारडा कायद्याच्या वेळी सनातनी चिडले, तसे मौलवीही चिडले. कायदा झाला, पण बोथट. लग्न लावणाऱ्याला महिनाभर कैद, हजार रुपयांपर्यंत दंड. लागलेलं लग्न मात्र पक्कंच. पोलिसांना आपणहून हात घालता येत नव्हता. तक्रार करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीन घ्यायचे. गावात कोण करणार तक्रार, तीही भावकीविरुद्ध?

आजीचं पहिलं बाळंतपण तेराव्या वर्षी. मूल गेलं. ती कशीबशी वाचली.

१९८४ साली माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं. ती चौदाची, नववीत. १९७८ पासून मुलीला १८ वर्षं लागत होती, हे मला पाठ होतं. शाळेत मीच शिकवायचो. पण घरात कर्ज होतं, पाहुणे मानाचे, आणि दादांसमोर माझी जीभ उचलली नाही. भटजी पंचांग उघडून बसले. "मुहूर्त उत्तम आहे. कन्यादानासारखं पुण्य नाही."

आजी माजघरातून आली, उंबऱ्यात बसली. दादांना म्हणाली, "म्हादू, तुज्या आदी एक लेकरू हुतं मला. पुरलं तवा मी त्याच्यापरीस लई मोठी नव्हते. त्याचं पाप कुनाच्या नावावर लिवलंय, एवढं ह्यास्नी पंचांगात बघाय सांग. मग उरका काय ते."

कुणी बोललं नाही. भटजींनी पंचांग मिटलं. पाहुणे चहा पिऊन गेले.

बहीण पुढं विसाव्या वर्षी उजवली. मी अजून वर्गात सनावळ्या सांगतो. पण त्या दिवशी कायदा आजीनं पाळला, मास्तरानं नाही.