रुळाखालचा हमाल: स्लीपर बळकट कसा झाला?

आजचा भाग स्लीपरवर आहे. रात्रीच्या गाडीला ज्याचं तिकीट मिळता मिळत नाही तो स्लीपर नव्हे, तर रुळांखाली आडवा पडलेला. रेल्वेचा इतिहास म्हटला की आपण इंजिनं, पूल, बोगदे आणि घाट यांच्याबद्दल बोलतो. पण सगळ्या गाडीचं ओझं शेवटी ज्याच्या पाठीवर येतं, त्या हमालाची आठवण कुणाला होत नाही. आज त्याची गोष्ट सांगतो.

गोष्टीच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. वरून शेकडो टन धडधडत जाणार असतील, तर खालचा आधार कसा असावा? कुणीही म्हणेल, कडक! जितका कडक तितका बळकट. पहिल्या रेल्वे इंजिनिअरांनाही नेमकं हेच वाटलं होतं, आणि गंमत इथूनच सुरू होते.

आधी स्लीपर करतो काय ते बघू. त्याची कामं तीन. एक, दोन रुळांमधलं अंतर राखणं. आपल्या ब्रॉडगेजचं हे अंतर 1676 मिलिमीटर. ते थोडं जरी जास्त फाकलं तरी चाक खाली उतरू शकतं. दोन, ओझं पसरवणं. मालगाडीच्या एका आसावर वीस टनांपेक्षा जास्त वजन असतं, म्हणजे एका चाकावर दहा टन, आणि चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम एखाद्या नाण्याएवढी. हा भार थेट मातीवर आला तर रूळ चिखलात रुतेल. म्हणून तो रुळाकडून स्लीपरकडे, स्लीपरकडून खडीकडे आणि खडीकडून मातीकडे असा पसरत जातो. चाकाच्या बरोबर खालचा स्लीपर साधारण निम्मा भार घेतो, उरलेला त्याचे शेजारी वाटून घेतात. आणि तिसरं काम, रूळ आडवा किंवा पुढेमागे सरकू न देणं.

आता जाऊया इंग्लंडात. 15 सप्टेंबर 1830 ला लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. जॉर्ज स्टीफनसनने तिथे पक्क्या जमिनीवर दगडी ठोकळे बसवले. प्रत्येक रुळाखाली स्वतंत्र दगड, मध्ये काही नाही. जिथे जमीन खचेल अशी भीती होती, म्हणजे नवे भराव आणि चॅट मॉस नावाची दलदल, तिथे लाकडी ओंडके आडवे टाकले. लाकूड म्हणजे तात्पुरती सोय आणि दगड म्हणजे कायमचं काम, असा तेव्हाचा हिशेब.

झालं उलटंच. दोन दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, त्यामुळे एक खचला की रुळांचं अंतर बिघडायचं. शिवाय दगड धक्का पचवत नाही, तो परत वर पाठवतो. डब्लिन ते किंग्सटाउन ही आयर्लंडची पहिली रेल्वे 1834 ला ग्रॅनाइटवर धावली. इतका पक्का मार्ग कुठे नसेल असं वाटलं होतं. पण त्या कडकपणाने गाड्यांना आणि रुळांना असे हादरे बसायला लागले की थोड्याच वर्षांत ग्रॅनाइट काढून लाकूड घालावं लागलं. तात्पुरतं म्हणून आणलेलं लाकूड पुढे शंभर वर्षं ठाण मांडून बसलं.

दुसरा धडा इझम्बार्ड ब्रुनेलचा. हा माणूस सगळंच वेगळं करणारा. 1838 मध्ये लंडन ते मेडनहेड मार्गावर त्याने लाकडाच्या लांब तुळया रुळांच्या खाली, रुळांच्याच दिशेने टाकल्या. त्या हलू नयेत म्हणून जमिनीत खोल खुंट ठोकले आणि तुळया त्यांना बांधल्या. कल्पना अशी की खालून खडी ठासून भरायची, वरून खुंटांनी ओढून धरायचं, म्हणजे मार्ग अजिबात हलणार नाही. पण गाड्यांच्या वजनाने खडी दबली आणि खुंट मात्र जागेवर राहिले. मग काय, तुळई खुंटापाशी उंच आणि मध्ये खाली! प्रवाशांना गचके बसू लागले. शेवटी खुंटांची पकड सोडून द्यावी लागली आणि मार्ग सुधारला. खडीबरोबर स्लीपरलाही खाली बसता आलं पाहिजे, हे त्यातून कळलं.

लाकडाचं नेमकं हेच बलस्थान होतं. ते थोडं दबतं, थोडं वाकतं, धक्का गिळतं आणि परत जागेवर येतं. खिळाही सहज घेतं. एकच अडचण, ते कुजतं. जॉन बेथेलने 1838 मध्ये लाकडात दाबाखाली क्रिओसोट तेल मुरवण्याचं पेटंट घेतलं, तेव्हा युरोपात त्याचं आयुष्य वाढलं.

पण आपल्याकडे? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, आणि पुढच्या काही दशकांत रुळांचं जाळं देशभर पसरलं. इथे वाळवी होती, चार महिने पाऊस होता आणि बाकीचे महिने लाकूड तडकवणारं ऊन. साधं लाकूड थोड्याच वर्षांत भुसा व्हायचं. टिकणारी लाकडं मोजकी, म्हणजे साग, साल आणि देवदार. एका मैलाला दोन हजारांच्या आसपास स्लीपर लागतात. 1900 पर्यंत देशात जवळजवळ 40,000 किलोमीटर, म्हणजे 25,000 मैल मार्ग झाला होता. साधा गुणाकार करा, आकडा पाच कोटींच्या आसपास जातो. सगळे स्लीपर लाकडी नव्हते हे खरं, पण जे लाकडी होते ते दर काही वर्षांनी बदलावे लागत होते.

हे लाकूड आलं जंगलांतून. गढवालमध्ये हर्सिलच्या फ्रेडरिक विल्सनने भागीरथीच्या खोऱ्यातले देवदार तोडून नदीत सोडले. ते वाहत मैदानात यायचे आणि त्यांचे स्लीपर व्हायचे. तो त्यावर गबर झाला. जंगलं मात्र इतक्या वेगाने उतरली की उद्या स्लीपर मिळणार कुठून, याची सरकारला धास्ती वाटू लागली. 1864 ला वनखातं आलं, डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा प्रमुख झाला. 1865 ला पहिला वनकायदा आला आणि 1878 ला दुसरा, जास्त कडक. सरपण, चराई, घरासाठी लाकूड या गावकऱ्यांच्या पिढीजात हक्कांना राखीव जंगलाचं कुंपण पडलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण रेल्वेची भूक हे फार मोठं कारण होतं. रुळाखालच्या या ओंडक्याची किंमत त्या डोंगरातल्या माणसांनी मोजली, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय.

लाकडाला पर्याय म्हणून भारतात लोखंड वापरलं गेलं. उपड्या घमेल्यासारखी ओतीव लोखंडाची दोन भांडी, प्रत्येक रुळाखाली एक, आणि दोघांना जोडणारी पट्टी. यांना पॉट स्लीपर म्हणत. पुढे याच घराण्यातला सीएसटी-9 हा ओतीव लोखंडी स्लीपर आपल्याकडे भरपूर वापरला गेला. वाळवीला तो दाद देत नव्हता. पण वेग वाढला तशी त्याची पकड कमी पडू लागली. शिवाय सिग्नलसाठी दोन रूळ विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवावे लागतात, तिथे दोघांना जोडणारं लोखंड अडचणीचं.

मग काँक्रीट. झोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी. झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून तो सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालायचा, आणि 1877 मध्ये त्याने तशाच स्लीपरचं पेटंट घेतलं. चाललं नाही. का, ते समजून घेऊया, कारण सगळी मेख इथे आहे.

काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. आणि स्लीपरला दोन्ही बाजूंनी ताण बसतो. खडी नव्याने ठासली की ती मुख्यतः रुळांच्या खाली घट्ट असते. तेव्हा वरून भार आला की रुळाखालच्या भागात स्लीपरचा तळ ताणला जातो. पण गाड्या जाऊन जाऊन रुळांखालची खडी दबते आणि भार मध्यावर येतो. एखाद्या फळीच्या मधोमध खाली वीट ठेवा आणि दोन टोकांना दोन माणसं उभी करा. फळी वरून फाटेल ना? तसं स्लीपरच्या मध्यभागी वरची बाजू ताणली जाते. म्हणजे रुळापाशी तळ जपायचा आणि मध्यभागी माथा जपायचा.

फ्रान्समध्ये रॉजे सोनव्हिलने मधला भागच काढून टाकला. रुळाखाली काँक्रीटचे दोन ठोकळे आणि मध्ये पोलादी दांडा. आपल्या पॉट स्लीपरचा हा काँक्रीटमधला चुलतभाऊच म्हणा.

दुसरं उत्तर दिलं पूर्वताणित काँक्रीटने. यूजेन फ्रेसिनेचं 1928 चं पेटंट हा त्याचा पाया. आडवी धरलेली पुस्तकांची चळत आपण दोन्ही हातांनी दाबून उचलतो, तसं काँक्रीटला आधीच दाबून ठेवायचं. पोलादी तारा साच्यात ओढून ताणायच्या, काँक्रीट ओतायचं, आणि ते पक्कं झालं की तारा सोडायच्या. तारा आखडू बघतात आणि काँक्रीट दाबलं जातं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला बाहेरचं लाकूड मिळेनासं झालं आणि या स्लीपरना खरी चालना मिळाली.

आपल्याकडच्या नेहमीच्या काँक्रीट स्लीपरमध्ये अशा 18 लडी असतात, प्रत्येक लडीत 3 मिलिमीटरच्या तीन तारा. आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. या तारा सरळ असतात, पण स्लीपरचा आकार बदलतो. रुळाखाली तो उंच, मध्ये बुटका, तळ मात्र सपाट. त्यामुळे त्याच सरळ तारा रुळाखाली काँक्रीटच्या मध्यरेषेच्या खाली पडतात आणि तळ दाबतात. मध्यभागी मध्यरेषाच खाली उतरलेली असल्याने त्या तिच्या वर येतात आणि माथा दाबतात. एकही तार न वाकवता दोन्ही जागा जपल्या! स्लीपरची ती कंबर शोभेसाठी नाही.

त्याचं वजनही कामाचं. तो अडीचशे किलोंहून जड, लाकडी स्लीपरच्या कितीतरी पट. जोड नसलेल्या लांब रुळांना उन्हात पसरायला जागा नसते. 60 किलोच्या रुळाचं तापमान 30 अंशांनी चढलं तर एका रुळात पन्नास टनांपेक्षा जास्त दाब साठतो. तो रूळ सापासारखा वळू नये म्हणून जड स्लीपर हवा.

मग प्रश्न सुटला? थांबा. अमेरिकेत वॉशिंग्टन ते बॉस्टन मार्गावर 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून काँक्रीट स्लीपर बसवले गेले, आणि थोड्याच काळात रुळाच्या बैठकीखाली भेगा दिसल्या. गाड्यांचं वजन हिशेबातलंच होतं. तपासात दोष सापडला चाकांत. ब्रेक लागताना घासून काही चाकांचा गोलावा चपटा झाला होता. असं चाक दर फेरीला हातोडा मारतं. तो ठोका काही मिलिसेकंदांचा, पण नेहमीच्या भाराच्या कित्येक पट. उपाय काय? काँक्रीट आणखी कडक केलं नाही. रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये जास्त मऊ पॅड घातले आणि खराब चाकं शोधून दुरुस्त केली.

म्हणजे दीडशे वर्षांनी आपण परत लाकडाच्या गुणाकडे आलो. फक्त तो नरमपणा आता रबरी पॅडमध्ये असतो आणि स्प्रिंगसारख्या वाकड्या क्लिपमध्ये. ती क्लिप पेर पांडे-रॉल्फसेन या नॉर्वेच्या माणसाची. पॅन्ड्रोल हे नाव त्याच्याच नावातून आलंय.

पुढच्या वेळी फलाटावर उभे असाल तेव्हा खाली वाकून नको, लांबूनच बघा: कंबर असलेला स्लीपर, त्यावरची क्लिप, खालची खडी. यातलं एकही एकट्याने ओझं उचलत नाही. खडी दबली तर उत्तमातला उत्तम स्लीपरही मध्यातून फाटेल. म्हणून ऊन-पावसात मार्गाची पाहणी करत चालणारे ट्रॅकमन आणि क्लिपा तपासत फिरणारा कीमॅन, हे या गोष्टीतले आजचे हमाल. त्यांचं काम चुकलं तर मोनिए, फ्रेसिने कुणीच वाचवायला येणार नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी रेल्वेच्या मार्गावर काम केलं असेल, तर त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.