लातूरची रेल्वे: आधी माल गेला, मग पाणी आलं

आजचा एपिसोड एका रेल्वेलाइनबद्दल आहे. मिरज–कुर्डुवाडी–लातूर.

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची ट्रेन लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत १० वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ती बातमी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पण ही लाइन इथे आली कशासाठी, हे फारसं कोणी सांगत नाही. ती आली होती माल बाहेर न्यायला.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी जवळून बार्शीपर्यंत अडीच फूट गेजची छोटी रेल्वे सुरू केली. १९११ मध्ये ती लातूरला आली, १९२७ मध्ये मिरजेला. तिकडे नांदेड १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेजवर आलं होतं. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, लातूर-नांदेड निझामाच्या राज्यात. इथलं चलन वेगळं, हाली सिक्का. सीमेवर जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणायचे. गेजही वेगळं, त्यामुळे कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरायचा. आज आपण दोन फोनचे चार्जर जुळत नाहीत म्हणून वैतागतो. इथे तर प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून जात होतं!

एवढी कटकट असूनही माल जायचा, कारण बाहेर भाव होता. रेल्वे आल्यावर कापूस आणि तेलबिया लांबच्या बाजाराशी जोडल्या गेल्या. लातूरची मोंढ्याची पेठ वाढली. नांदेडात उस्मानशाही मिल उभी राहिली. पण जोडलं जाणं म्हणजे दोन्ही बाजूंनी जोडलं जाणं. १९२९ मध्ये मंदी सुरू झाली अमेरिकेत आणि कापसाचे भाव कोसळले इकडे. न्यूयॉर्क कुठे आहे हे ज्याला माहीत नव्हतं, त्याच्या घरचा हिशोब तिथून बिघडला.

आता सोयाबीन बघा. साधारण १९९० नंतर मराठवाड्यात ज्वारी-कापसाची जागा या पिकाने घेतली. शंभर-सव्वाशे दिवसांत हातात पैसा, त्यामुळे शेतकऱ्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण सोयाबीनचा भाव ठरतो तेल आणि ढेप यांवर. म्हणजे इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, ब्राझीलचं पीक आणि दिल्लीतलं आयातशुल्क. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या खाली विक्री चालू होती.

हाली सिक्का गेला, करोडगिरी गेली, लाइन ब्रॉडगेज झाली. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. पीक इथलं, भाव दुसरीकडचा.

आणि पाणी? ऊसही त्याच हिशोबाने आला. भावाची थोडी खात्री, दारात कारखाना. पण उसाला वर्षभर पाणी लागतं आणि पाण्याची किंमत त्या हिशोबात कुणीच धरली नाही. साखर बाहेर गेली म्हणजे तिच्यासोबत मांजरेचं पाणीच बाहेर गेलं. २०१६ ला त्यातलं थोडं वाघिणीत भरून परत आणावं लागलं, एवढंच.

आज या स्टेशनांवरून अजून एक गोष्ट बाहेर जाते. आपण. लातूर पॅटर्नमध्ये बारावी करायची, मग पुणे, हैदराबाद, बेंगळुरू. मीही त्याच रांगेतला. आमच्या कामाचा भावसुद्धा डॉलरमध्ये दुसरीकडे ठरतो. फरक इतकाच की कापसाचं पोतं घरी पैसे पाठवत नाही, आम्ही पाठवतो.

बदल थांबवता येत नाही, आणि रेल्वे आली नसती तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही. दुष्काळात धान्य, चारा, पाणी येतं ते याच रुळांवरून. पण पुढचं ‘भारी’ पीक, पुढचा ‘भारी’ कोर्स किंवा एआयची पुढची लाट आली की घरात तीन प्रश्न जरूर विचारा. भाव कोण ठरवतो? पडला तर कोणाच्या अंगावर पडतो? आणि यात आपलं असं काय खर्च होतंय, जे हिशोबात धरलेलंच नाही?

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावचं पीक तीस वर्षांत कसं बदललं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा.