तुडुम, सलंग आणि ३३ दरवाजे
(वैनगंगाकाठच्या अभ्यासात येणाऱ्यांसाठी प्रस्तावना)

तलावाच्या पाळीतून शेतात पाणी सोडायची जी वाट असते, तिला पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तुडुम म्हणतात. तलाव तुडुंब भरला की जास्तीचे पाणी जिथून निघून जाते, ती सलंग. हे दोन शब्द ज्याला कळले, त्याचे या प्रदेशाच्या अभ्यासात पहिले पाऊल पडले असे मी मानतो. पवनी तालुक्यात गोसीखुर्दला वैनगंगेवर जे धरण उभे आहे त्याला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यांतले किती उघडले हे सकाळच्या वर्तमानपत्रात छापून येते. तुडुम कधी उघडले, पाणी आधी कोणाच्या बांधीत गेले, हे मात्र गावातल्या जुन्या माणसाला विचारावे लागते. या दोन नोंदींच्या मधल्या जागेत आपले काम आहे.

धरणाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती कागदोपत्री सहज मिळते. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो पुढे अनेक पटींनी वाढत गेला. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सरकारदरबारी नाव इंदिरासागर. लोक म्हणतात गोसे. खुर्द म्हणजे धाकटे. एवढ्या मोठ्या जलाशयाला धाकट्या गावाचे नाव चिकटून राहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

विस्थापनाच्या अभ्यासात मराठी माणूस नवखा नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून हा प्रश्न आपल्यासमोर आहे. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. घर गेले, जमीन गेली, एवढे मोजून काम संपत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते. पुढे समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनाचे धोके आठ प्रकारांत मांडले. त्यांतला एक सामाईक संपत्ती हातून जाण्याचा आहे. गोसीखुर्दकडे पाहताना मी तोच आधी हाती घेतो. इथल्या मासेमार ढिवर कुटुंबाच्या नावावर सातबारा नसेल, पण नदी होती, डोह होते, डोंगा होता. ज्याच्याकडे उतारा नाही त्याचे नेमके काय बुडाले, हे मोबदल्याच्या तक्त्यात बसवता येत नाही. ते मोजायची पद्धत अजून घडायची आहे, आणि ती या काठावर घडू शकते.

म्हणून तलावांकडे वळू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत शेकडो वर्षांपूर्वीचे हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने हे तलाव बांधले. उताराची जाण इतकी पक्की की एकाची सलंग वाहिली की पाणी खालच्या तलावात यावे. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीची देखभाल कोणाची हा प्रश्न लोंबकळत राहिला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ढिवरांच्या सोबतीने या तलावांचा अभ्यास केला. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, बेशरम हे तण माजले की काय होते, तलावात आपोआप उगवणारे देवधान कशासाठी राखायचे, हे त्यांनी ढिवर स्त्रीपुरुषांकडून समजून घेतले आणि तलावांवर ते राबवलेही. माहिती देणारा आणि अभ्यासक असे दोन वेगळे मानायची आपली सवय इथे मोडते. मला या सगळ्या संशोधनात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

बोलीचे तसेच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य खर्चून झाडीबोलीचा अभ्यास उभा केला. या बोलीत ण नाही, ळ नाही. पाणी ते पानी, डोळा तो डोरा. पण उच्चारापाशी थांबू नका. बांधी, धुरा, बोडी, परे, रोवनी हे शब्द म्हणजे धानाच्या शेतीचे अवघे शास्त्र आहे. शेत बुडाले की त्या शेताचे नाव वापरायचे कारणच उरत नाही. म्हणून पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्याने सोबत भाषेचा अभ्यासक न्यावा, आणि भाषेच्या अभ्यासकाने धरणाचा नकाशा. नाटकाचा अभ्यास करायचा असेल तर दिवाळीनंतर या. वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावी रात्रभर प्रयोग चालतो. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांचे लक्ष इकडे गेले. इथल्या प्रेक्षकाला ते ठाऊकच होते.

इतिहासाच्या अभ्यासकालाही इथे काम आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. वर आंभोऱ्याच्या संगमावर मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' रचला असे एक मत, अंबाजोगाईचे दुसरे. वाद मिटवण्याची घाई करू नका.

हे एवढे विषय एका नदीशी कसे बांधायचे, असे कोणी विचारले तर मी स्पेनकडे बोट दाखवतो. लेओन प्रांतात पोर्मा नदीवर १९६८ मध्ये धरण पूर्ण झाले आणि वेगामियान हे गाव बुडाले. त्या गावात १९५५ मध्ये जन्मलेले हूलिओ यामाथारेस पुढे नामवंत लेखक झाले. धरण बांधणारे अभियंते हुआन बेनेत, तेही कादंबरीकार. आज जलाशयाला त्यांचेच नाव आहे. या धरणावर लिहायला बसलेल्या साहित्याच्या अभ्यासकाला अभियांत्रिकी टाळता येत नाही. गोसेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत जन्मलेली मुले आता लिहित्या वयाची झाली आहेत. त्यांची वाट मी पाहतो आहे.

पाण्याचाही अभ्यास हवा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते, जलाशयात जलपर्णी पसरते. शहर काय सोडून देते हे इथल्या जाळ्यात दिसते.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी? जुन्या मध्य प्रांताच्या जमाबंदीतली निस्तार पत्रके आणि वाजिब-उल-अर्ज काढा. कोणत्या गावाला कोणत्या तलावाचे पाणी, कोणाला गाळ, कोणाला मासळी, चराईचा हक्क कुठे, हे गावागणिक लिहिलेले सापडेल. त्यांतली एका बुडालेल्या गावाची नक्कल घेऊन त्याच्या नव्या गावठाणात जा. ओट्यावर बसलेल्या आजीला ती वाचून दाखवा. ती एखादे नाव दुरुस्त करेल. ते दुरुस्त केलेले नाव आधी लिहून घ्या.