प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं? गाठीचा रिपोर्ट जपून ठेवा

निगडी : प्रोस्टेट ग्रंथी काढली की फाइल कपाटात जाते. पण कॅन्सर परत येण्याचा धोका किती, हे त्या काढलेल्या ग्रंथीतल्या पेशींवरून कळतं. रिपोर्टमध्ये ग्लीसन स्कोअर बघा. ६ असेल तर सौम्य, ७ मधला, ८ ते १० आक्रमक. कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी दिसल्या का, हेही लिहिलेलं असतं. केआय-६७ हे प्रथिन वाढत्या पेशींतच सापडतं. ते जास्त तर धोकाही जास्त. गाठीला लगाम घालणारा पीटेन जीन हरवला तरी तसंच. या दोन तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खर्च करू नका.

पीएसएची रक्ततपासणी मात्र चुकवू नका. ऑपरेशननंतर दोनेक महिन्यांत आकडा जवळपास शून्यावर यायला हवा. पुढे लागोपाठ दोनदा ०.२ किंवा जास्त आला, तर आजार परतल्याचं धरतात. नुसत्या लघवीच्या त्रासासाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल, तर हा हिशेब लागू नाही.

निगडी-चिंचवडला ऑपरेशन करून पुढे मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला दाखवायचं असेल, तर रिपोर्टसोबत मेणातला ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. पेशींची फेरतपासणी त्यावरच होते.